दार लावून घ्या, डॉक्टर

मेलरॉयने ज्युलीचे केस मुठीत धरले, तिचं डोकं स्वयंपाकघराच्या ओट्यावर दाबलं आणि दुसऱ्या हाताने पाकिटातल्या मूल न होण्याच्या गोळ्या तिच्या तोंडात कोंबायला लागला. "खा," तो म्हणत होता. "खायच्याच आहेत ना तुला? मग सगळ्या खा." पांढऱ्या संपल्यावर त्याने शेवटच्या ओळीतल्या तांबड्या लोहाच्या गोळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. ज्युलीने दात आवळले, तेव्हा त्याने तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. वरचा एक दात तुटून जिभेवर आला. थोरली मुलगी शर्ली शाळेतून नुकतीच येऊन दप्तरासकट दारात उभी होती. तिच्याकडे बघून मेलरॉय नेहमीच्या आवाजात म्हणाला, "जा, हातपाय धू."

गोळ्यांचं त्याला कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाने मेलरॉयला गाडीवरून जाताना हाक मारली होती, "वहिनींच्या गोळ्या संपल्या असतील, देऊ का बांधून?" त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. चांगुलपणानेच बोलला तो. पण त्या चांगुलपणात ज्युलीचा दात गेला.

ज्युली मूळची भुईगावची. तिचे वडील थॉमस वाडीत केळी आणि मोगरा करायचे, आई एमिली पहाटे उठून कळ्या खुडायची. घरात पदवीपर्यंत शिकलेली ज्युली पहिलीच. शिक्षण संपल्यावर गोखिवऱ्याला बाटल्यांची बुचं करणाऱ्या कारखान्यात तिला माल रवाना करण्याच्या विभागात नोकरी लागली. कुठला ट्रक कुठे निघाला, कुठल्या पेट्या राहिल्या, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. शेजारच्या टेबलावर हंसा बसायची. हंसा तिच्याहून मोठी आणि तोंडाने फटकळ. ज्युलीवर तिचा फार जीव होता.

मेलरॉय गास गावचा. लिफ्टच्या कंपनीत तंत्रज्ञ होता आणि देवळातल्या, म्हणजे चर्चच्या, गायनवृंदात त्याचा आवाज सगळ्यांत वरचा. लग्नाआधी तो तिला घ्यायला कारखान्याच्या फाटकाशी यायचा तेव्हा हंसा म्हणायची, "असा नवरा मिळायला नशीब लागतं." पुढे हंसाने हे वाक्य स्वतःच मागे घेतलं.

त्याला मुलगा हवा होता, वंश हवा होता, असलं काही नव्हतं. शर्ली झाली तेव्हा त्याने गल्लीभर पेढे वाटले होते. खरी गोष्ट ज्युलीला फार उशिरा समजली. ती नोकरीत कायम झाली की त्याला मूल हवंसं व्हायचं. शर्लीच्या वेळी तिने नोकरी सोडली. शर्ली बालवाडीत जायला लागल्यावर कारखान्याने तिला परत बोलावलं, तसा तो पुन्हा मागे लागला. एकदा रागाच्या भरात तो बोलूनही गेला. "पोटुशी असलीस की तू घरात असतेस. बाकी वेळी कुठे असतेस ते देवाला माहीत."

चर्चने घेतलेल्या लग्नाआधीच्या वर्गात दोघांनाही दिवस मोजायला शिकवलं होतं. कुठले दिवस धोक्याचे, कुठले नाहीत. ज्युलीने ते मनापासून ऐकलं होतं. मेलरॉयनेही ऐकलं होतं, आणि तो हिशोब तो नेमका उलटा वापरायचा. नको म्हटलं की मार बसायचा. बहुतेक वेळा हेल्मेटने, कारण ते दाराशीच टांगलेलं असायचं.

तेव्हा ती पहिल्यांदा एका खासगी दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाई बोलायला गोड होत्या. खोलीचं दार सताड उघडं, आणि पुढच्या दोन पेशंट आतल्याच बाकावर येऊन बसलेल्या. ज्युलीने आवाज खाली आणून सांगितलं, की मूल इतक्यात नको.

"मग मिस्टरांना घेऊन या ना," बाई म्हणाल्या. "दोघांना एकदमच समजावते."

"त्यांना कळायला नको, डॉक्टर."

बाईंनी तिच्या गळ्यातल्या कुरसाकडे, त्या छोट्या क्रॉसकडे पाहिलं. "हां, तुमच्यात चालत नाही, नाही का?" त्या हसल्या, बाकावरची एकजणही हसली. मग त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या कुठे ठेवणार, कोणाच्या हाताला लागल्या तर काय होईल, हे त्यांनी विचारलं नाही. ज्युलीला सांगायचं होतं. पण तीन माणसांसमोर ते तोंडातून फुटेना.

दात गेल्यानंतर ज्युली फादरांकडे गेली. फादर भले माणूस होते. त्यांनी मेलरॉयला बोलावलं, खडसावलं, माफी मागायला लावली. मेलरॉयने त्यांच्यासमोर रडून माफी मागितली. घरी आल्यावर त्याने दाराला आतून कडी घातली आणि कमरेचा पट्टा काढला. घरातली गोष्ट गावभर केल्याबद्दल.

त्याच वर्षी धाकटी मारिसा पोटात राहिली. बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं आणि अवघड झालं. रक्त इतकं गेलं की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. ती अजून ग्लानीतच होती तेव्हा कोणीतरी तिच्या पायांशी उभं राहून म्हणालं, "दोन झाल्या ना? कॉपर-टी बसवून टाकते. इथे सही कर." दिवा डोळ्यांवर होता, बोलणाऱ्या बाईचा चेहरा दिसत नव्हता. ज्युलीने सही केली. खरं सांगायचं तर तिला आतून बरंच वाटलं, आपण न मागता देवाने दिलं असं. पण ती वस्तू कशी असते, तिचा दोरा खाली येतो, तो हाताला लागू शकतो, हे तिला एका शब्दानेही कोणी सांगितलं नाही.

पुढे पाळीत अंगावरून फार जायला लागलं. कारखान्यात खुर्चीवरून उठायची भीती वाटायची. ती परत दाखवायला गेली, तर तिथल्या बाईने मान वर न करता सांगितलं, "सगळ्यांना होतं. काढून काय पुन्हा पोट वाढवायचंय?" ज्युली घरी आली आणि जुन्या चादरी फाडून घड्या करून ठेवल्या.

मग एका रविवारी दुपारी, मुली आजीकडे भुईगावला गेलेल्या असताना, मेलरॉयच्या बोटाला दोरा लागला. हे काय आहे, असं त्याने विचारलं. ती गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्यातूनच त्याला कळलं. त्याने गुडघा तिच्या छातीवर रोवला आणि दोरा ओढला. ज्युली किंचाळली, पण ती किंकाळी शेजारपर्यंत गेली नाही. मध्ये केळीची दाट वाडी होती. त्याने ती रक्ताने भरलेली वस्तू खिडकीतून बाहेर फेकली आणि जेवायला बसला.

ज्युली भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. चुलीवर पेज रटरटत होती. तिने फडक्याने टोप उचलला आणि सगळी पेज त्याच्या पाठीवर ओतली.

तो गुरासारखा ओरडला. तिला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. तसं काही झालं नाही. त्याच्या पाठीची कातडी सुटताना बघून तिनेच डोळे मिटून घेतले. त्याने उठून तिचं मनगट पिरगाळलं आणि ते मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. रुग्णालयात दोघं एकाच रिक्षातून गेली. तो म्हणाला, पेज सांडली. ती म्हणाली, पाय घसरला. डॉक्टरने दोघांचं लिहून घेतलं.

प्लॅस्टर निघायच्या आत तिला दिवस गेले.

आता मेलरॉय खुशीत होता. पापलेट आणायचा, मुलींना समुद्रावर न्यायचा. अट एकच होती, कारखान्यात राजीनामा द्यायचा. ज्युली आज देते, उद्या देते करत राहिली. शेवटी एका दुपारी तोच गोखिवऱ्याला फाटकाशी आला आणि म्हणाला, बस गाडीवर. हंसा आणि रखवालदार बघत होते. ज्युली बसत होती, एक पाय अजून जमिनीवर होता, तेवढ्यात गाडी पुढे उसळली आणि ती पोटावर रस्त्यात आपटली. त्याने मुद्दाम झटका दिला की क्लच सुटला, हे पुढे न्यायालयातही ठरलं नाही. रस्त्यावर रक्ताचा ओघळ दिसला तसं हंसाने रिक्षा थांबवली आणि तिला जवळच्या एका छोट्या रुग्णालयात नेलं. मेलरॉय गाडीवरून मागोमाग आला.

तिथे डॉक्टर क्षितिजा होत्या. नुकत्याच चाळिशीला आलेल्या, बोलायला जरा तुटक. मूल वाचलं नव्हतं. गर्भपिशवी साफ करावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तपासायला आल्या तेव्हा मेलरॉय ज्युलीचा हात हातात घेऊन खाटेशी बसला होता. डॉक्टरांनी तिच्या मनगटाचं नुकतं जुळलेलं हाड पाहिलं, तुटलेला दात पाहिला.

"सोनोग्राफी करायची आहे," त्या म्हणाल्या. "आत नातेवाईक येत नाहीत. तुम्ही तोवर खालून ही इंजेक्शनं घेऊन या."

सोनोग्राफीच्या खोलीत नेल्यावर ज्युलीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हेच. "दार लावून घ्या, डॉक्टर."

डॉक्टरांनी दार लावलं, कडी घातली, परिचारिकेलाही बाहेर थांबायला सांगितलं.

"मारतात?" त्यांनी विचारलं.

ज्युलीने मान हलवली.

"मग आपण पोलिसांना बोलावू. आत्ता. मी इथूनच फोन करते." डॉक्टरांनी फोन हातात घेतलासुद्धा.

ज्युली तशीच उठून बसली, पोट धरून. "मग मी चालले."

"अहो, पण का?"

"माझ्या मुली आत्ता त्याच्या बहिणीकडे आहेत. तुम्ही फोन कराल आणि घरी जाल. मी कुठे जाऊ?" ती बोटांवर मोजायला लागली. "पहिलीने नवऱ्याला आणायला सांगितलं. दुसरीने न विचारता बसवून टाकलं. तिसरी म्हणाली, सहन कर. आता तुम्ही पोलीस बोलावताय. मला काय हवंय ते कोणी विचारतच नाही."

डॉक्टर क्षितिजांनी फोन खाली ठेवला. स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "सांगा. काय हवंय तुम्हाला?"

ज्युलीला वाटलं होतं, असं कोणी विचारलं तर आपण तास न् तास बोलू. पण बोलणं फार लहान निघालं. "मला पुन्हा मूल राहायला नको. आणि त्याला कळायला नको. दिसणारं नको, हाताला लागणारं नको. आणि जे काही असेल त्याचं खरं खरं सांगा मला. दुखणार असेल तर दुखणार म्हणून सांगा."

डॉक्टरांनी एकेक सांगायला घेतलं. दंडात बसवायची काडी असते, पण बोट फिरवलं तर लागते. दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, ते कुठे दिसत नाही, पण पाळी अनियमित होते, कधी बंदच होते.

"ते नको," ज्युली म्हणाली. "तो माझ्या तारखा मोजतो."

हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "ऑपरेशनही करता येतं. त्याला नवऱ्याची सही लागत नाही. पण ते कायमचं."

"टाके दिसतील. आणि कायमचं म्हणायला मला भीती वाटते अजून."

"मग एकच राहतं. कॉपर-टी, पण दोरा आतच कापून टाकायचा. हाताला काही लागणार नाही. पाळी येत राहील."

तेव्हा ज्युलीने त्या रविवारचं सगळं सांगितलं, खिडकीतून काय फेकलं तेही. डॉक्टर ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी स्वतःच्या ओठांवर हात दाबून धरला.

"मग ते नकोच," शेवटी त्या म्हणाल्या. "दुसरं काहीतरी शोधू."

"नाही, थांबा. मला विचारू द्या." ज्युलीने एकामागून एक विचारलं. पुन्हा तेवढंच रक्त जाईल का? जाऊ शकतं, डॉक्टर म्हणाल्या, पहिले काही महिने जास्त. त्यावर गोळ्या देता येतील, त्या पाळीच्या दुखण्याच्या म्हणून घरात उघड ठेवता येतील. दोरा नसेल तर काढणार कसं? चिमटा आत घालून काढावं लागेल, त्रास होईल, पण मला काढता येतं. आणि मीच सांगितलं, काढा, तर? "तर काढायचं. का म्हणून विचारणार नाही."

हे शेवटचं उत्तर ज्युलीने पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "आज नको. अंगात ताकद नाही. तपासणीला येईन तेव्हा."

तपासणीला ती जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून परस्पर आली. हंसा बाहेर बाकावर बसून राहिली. बसवताना ज्युली मधेच "थांबा" म्हणाली, आणि डॉक्टर खरोखरच थांबल्या. मग तिने स्वतःच सांगितलं, आता करा.

पुढचं वर्षभर मूल राहिलं नाही. मेलरॉय तारखा मोजत राहिला, आणि तारीख आली की मार वाढत गेला. पाळी आली म्हणून मार, ही नवीच तऱ्हा होती. त्याने तिच्या बरगडीला लाथ घातली, एकदा विहिरीच्या कठड्यावर वाकवून धरलं. पण पोटात काही नव्हतं, आणि ती रोज कामावर जात होती. हंसाच्या मदतीने तिने गोखिवऱ्याला एक खोलीही बघून ठेवली होती. मुलींची शाळेची परीक्षा होऊ दे, मग निघायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तेवढं थांबणं तिच्या हातात राहिलं नाही. मेलरॉयने ठरवलं, मूल का राहत नाही म्हणून हिला तपासून घ्यायचं. आणि तो तिला डॉक्टर क्षितिजांकडेच घेऊन गेला, कारण त्याच्या हिशोबाने हिचं शरीर त्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी ज्युलीला एकटीला आत घेतलं, दार लावलं आणि विचारलं, "काय सांगू त्यांना?"

"काहीच सांगू नका."

मेलरॉय आत येऊन बसला. "हिने काही बसवलंय का?"

"पेशंटची माहिती मी पेशंटलाच देते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्याशी बोला."

"नाही बसवलं, एवढं म्हणा ना मग."

डॉक्टर गप्प राहिल्या. खोटं त्यांना बोलता आलं नाही, आणि खरं त्या बोलल्या नाहीत. मेलरॉयला तेवढं पुरलं. त्याने बसायचं लोखंडी स्टूल उचललं आणि टेबलाच्या काचेवर घातलं. काचेचा एक तुकडा डॉक्टरांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत चिरत गेला. मग तो ज्युलीकडे वळला. तिला खाली पाडून तोंडावर बुक्क्या मारत राहिला, बाहेरचे रिक्षावाले आणि वॉर्डबॉय आत धावून येईपर्यंत. चौघांनी मिळून त्याला भिंतीशी दाबून धरलं तेव्हा ज्युलीचा एक डोळा मिटला होता आणि तोंडात रक्त होतं. ती जमिनीवरूनच म्हणाली, "हो. बसवलीय. मी बसवलीय."

या वेळी पोलिसांना फोन करा, असं तिने स्वतः सांगितलं. जबाबात तिने हेल्मेटपासून सगळं लिहून दिलं.

आई एमिली रुग्णालयात आली. लेकीचा चेहरा बघून आधी भिंतीकडे तोंड करून रडली. मग सवयीने म्हणाली, "बाय, फादरना विचारून मग ठरव."

"विचारून झालंय, आई," ज्युली म्हणाली.

संध्याकाळी थॉमसना घेऊन एमिली ज्युलीच्या नणंदेच्या घरी गेली आणि दोन्ही नातींना कपड्यांसकट घेऊन आली.

खटला चालू झाला. मेलरॉय काही आठवड्यांत जामिनावर सुटला. ज्युलीच्या आसपास फिरकू नये, असा त्याला हुकूम झाला. उलटतपासणीत त्याच्या वकिलाने ज्युलीला विचारलं, "लग्न झालेल्या बाईने नवऱ्याला अंधारात ठेवून कॉपर-टी बसवली, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"म्हणजे तुम्ही त्यांचा विश्वासघात केला."

"पहिली त्यांना कळली होती," ती म्हणाली. "ती त्यांनी हाताने ओढून काढली. म्हणून दुसरी सांगितली नाही."

वकील खाली बसले. मेलरॉय तिच्याकडे न बघता बोटं मोडत होता.

आता ज्युली मुलींना घेऊन गोखिवऱ्याला राहते. सगळं सुरळीत झालं, असं म्हणता येणार नाही. मागच्या महिन्यात शर्लीने वर्गातल्या एका मुलीचं डोकं बाकावर आपटलं आणि शाळेतून बोलावणं आलं. घरी आणल्यावर ज्युली तिच्याजवळ बसून राहिली, ओरडली नाही. शेवटी शर्ली म्हणाली, "ती माझ्या वस्तूला हात लावत होती." शर्लीला आता ज्युली आठवड्यातून एकदा समुपदेशनाला नेते. मेलरॉय गासच्या देवळात अजून गातो, आणि मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपल्यावर लोक त्याच्याशी हात मिळवतात, हे हंसाला कुणीतरी सांगितलं, हंसाने ज्युलीला. ज्युली ते ऐकून पेट्या मोजत राहिली.

डॉक्टर क्षितिजांच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. ज्युली वर्षाच्या तपासणीला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "आता तसं कारण राहिलेलं नाही. रक्त अजून जास्त जातं म्हणता. काढून टाकायचंय का?"

"मला माहीत नाही," ज्युली म्हणाली.

"बरं. घाई नाही."

ज्युली पर्स उचलून निघाली. बाहेरच्या बाकावर एक तरुण बाई नवऱ्याशेजारी मान खाली घालून बसली होती. आतून हाक आली तशी ती उठली, तिच्या पाठोपाठ नवराही उठला. "एकट्याच या," डॉक्टर आतून म्हणाल्या.